‘जागा भाड्याने देणे आहे’

वसंत व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, संतवाङ्मय, स्वराज्याचा इतिहास अशा भारदस्त विषयांची सवय झालेल्या श्रोत्यांस आमचा विषय काहीसा बाजारी वाटेल. जागा भाड्याने कशी द्यावी आणि चांगला भाडेकरू कसा मिळवावा, हा घरमालकाच्या ओटीवर बोलावयाचा विषय. त्याला इतिहास तो कसला? पण शहरात राहणाऱ्या माणसाचे आयुष्य भाडेपावतीने जेवढे घडविले आहे, तेवढे फार थोड्या ग्रंथांनी घडविले असेल. मुलगा कोणत्या शाळेत जाणार, घरधनी कामावर पायी जाणार की गाडीने, सुनेला पहाटे किती वाजता नळावर उभे राहावे लागणार, गावाकडचा भाचा शिकावयास आला तर त्याचे अंथरूण कोठे पडणार, ह्या साऱ्या गोष्टी बिऱ्हाड कोठे मिळाले यावर ठरत आल्या. तेव्हा आज आम्ही मुंबई शहरापुरती एक गोष्ट सांगणार आहोत. ती एका पाटीची गोष्ट आहे. ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी मुंबईतल्या घरांवर लागत असे, मालक भाडेकरूची वाट पाहत बसत असे, आणि एकदा तर खुद्द सरकार हजारो खोल्या बांधून भाडेकरूंची वाट पाहत बसले, हे आजच्या मुंबईकराला सांगितले तर तो थट्टा समजेल.

चांगला भाडेकरू म्हणजे कोण, हे आधी ठरवून घेतलेले बरे. कारण पुढे ह्याच शब्दावरून बरेच काही बिनसले. घरमालकाच्या हिशेबी तो ठरल्या तारखेला भाडे देतो, जागा नीट राखतो, शेजाऱ्यांशी भांडत नाही आणि वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवीत नाही. ह्यांतला शेवटचा गुण सहसा विसरला जातो. पण खोली महिनाभर रिकामी राहिली की त्या महिन्याचे भाडे कायमचे बुडाले, हे जुने मालक ओळखून होते. आणि म्हणूनच भाड्याच्या दोन रुपयांपेक्षा टिकणारा माणूस त्यांना अधिक मोलाचा वाटे. ह्या व्याख्येत जात नाही, धर्म नाही, स्वयंपाकघरातला वासही नाही. तो मागाहून आला, किंवा असे म्हणू या की तो आधीपासून होताच, फक्त कधी दाराआड असे आणि कधी दारावरच्या पाटीत चढून बसे.

मुंबईत घराच्या प्रश्नाकडे राज्यकर्त्यांनी डोळे उघडून पाहिले ते प्लेगमुळे. १८९६ साली मांडवी भागात रोग दिसला आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे मरतात, ही गोष्ट तोवर कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. पण व्यापार बंद पडल्याशिवाय ती पटत नव्हती. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नवी जमीन वसाहतीसाठी आखणे आणि उठविलेल्या गरिबांसाठी चाळी बांधणे, अशी कामे त्याच्याकडे होती. पाडण्याचे काम भराभर झाले, बांधण्याचे सावकाश, हा आमच्या सार्वजनिक कामांचा नित्याचा अनुभव तेथेही आला. तरी ट्रस्टाने एक गोष्ट केली, जिचा पुढच्या सर्व कथेशी संबंध आहे. ट्रस्टाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडाला अक्षरशः कोन लावला. खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी की समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारा उजेड साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक उभा पडू नये. साध्या भाषेत सांगावयाचे तर समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळे सोडले पाहिजे. एका भूमितीच्या आकृतीने मुंबईतल्या जमीनमालकाची झोप उडविली. कारण वीस फूट मोकळे सोडावयाचे म्हणजे तेवढ्या खोल्यांच्या भाड्यावर पाणी सोडावयाचे. पण त्याच वीस फुटांनी पुढे दादर-माटुंग्याच्या मालकांस भाडेकरू मिळवून दिले.

पहिले महायुद्ध सुरू झाले तशी मुंबईत माणसे वाढली, बांधकाम थांबले आणि भाडी चढली. १९१८ साली सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. तो तात्पुरता होता आणि दहाएक वर्षांत मावळलाही. तो का मावळू शकला हे पुढे येईल. त्याच साली सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. मोठा हौशी माणूस. बॅकबेचा समुद्र भरून काढावयाचा आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, असे दोन संकल्प त्यांनी सोडले आणि त्यांसाठी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे नवे खाते उघडले. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया जकात बसवून चाळींच्या खर्चाला हातभार लावला. ह्याच त्या बी. डी. डी. चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारत तळमजला आणि वर तीन मजले, एकेका मजल्यावर वीस खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. सोळा हजारांवर खोल्या झाल्या. पन्नास हजारांचा संकल्प तेथेच थांबला, कारण बांधलेल्या खोल्यांनाच गिऱ्हाईक मिळेना.

हा प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. शहरात कामगारांची दैना होती. बहुसंख्य कुटुंबे एकेका खोलीत राहत, त्या खोलीत आणखी पोटभाडेकरू ठेवीत. अशा शहरात सरकार नव्या, पक्क्या, आग न लागणाऱ्या सिमेंट-काँक्रीटच्या खोल्या घेऊन उभे राहिले आणि भाडेकरू पाठ फिरवून आपल्या जुन्या काळोख्या चाळीत परतला. वरळीच्या चाळी तर वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर रिकाम्या पडल्या होत्या. भाडे उतरवावे लागले. काही इमारती पोलिसांना आणि सरकारी नोकरांना द्याव्या लागल्या. आणि १९३० च्या कायदेभंगात तुरुंग अपुरे पडू लागले तेव्हा वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडण्यात आले. भाडेकरू मिळेना म्हणून मालकाने आपल्या घराचा तुरुंग केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

असे का व्हावे? त्या वेळी साहेबी मंडळींनी कामगारांच्या अडाणीपणाला दोष दिला. त्यांना स्वच्छतेची आवड नाही, चांगल्या घराची किंमत नाही, असे म्हणून हात झटकले. पण कामगार अडाणी नव्हता. तो हिशेबी होता. गिरणीचा भोंगा पहाटे होई. परळ-लालबागची खोली गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, तर वरळी त्या काळी गावाबाहेर. तेथे बाजार नाही, वाणी नाही, ये-जा करावयास सोईचे वाहन नाही. वाण्याचे तर विशेषच महत्त्व होते. पगार महिन्याच्या महिन्याला होई आणि तोही उशिरा. तोवर घर चालावयाचे ते वाण्याच्या उधारीवर. उधारी ओळखीवर मिळते, आणि ओळख जागेला चिकटलेली असते. रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा माणूस नवा आला की गाववाल्यांच्या खोलीत उतरे, खाणावळीत जेवे, पाळीपाळीने त्याच पथारीवर दोघे निजत. आणि मुकादमाच्या शब्दाने त्याला काम मिळे. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव-माझगावकडे ‘कूड’ काढल्या होत्या, त्याही ह्याच जातीच्या. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली जागा, अल्पशी वर्गणी, बोटीवरून उतरलेल्या खलाशाला पेटी ठेवावयास कोपरा. खाजगी चाळीची खोली म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. तिच्याबरोबर वाणी, मुकादम, गाववाले आणि आजारपणात पेज घालणारी शेजारीण मिळत असे. सरकारने भिंती तेवढ्या दिल्या. त्या भिंतीही सिमेंटच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या. आणि संडास प्रत्येक मजल्यावर सामाईकच, म्हणजे जुन्या चाळीतले जे एक दुःख होते ते तसेच राहिले.

त्यात काळ फिरला. १९२० नंतर गिरण्यांची भरभराट ओसरली. १९२५ साली मजुरी कापण्यावरून मोठा संप झाला, १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. संप लांबला की गिरणगावातली माणसे गावाकडे निघून जात आणि खोल्या मोकळ्या होत. १९२१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ११ लाख ७६ हजारांच्या आसपास होती. १९३१ साली ती ११ लाख ६१ हजारांवर उतरली. ज्या शहरात माणसे कमी होत आहेत तेथे भाडे चढत नाही, आणि जेथे भाडे चढत नाही तेथे भाडेनियंत्रणाचा कायदा निरुपयोगी ठरतो. १९१८ चा कायदा मावळला तो असा.

नायगाव आणि डिलाइल रोडच्या चाळी वरळीपेक्षा लवकर भरल्या, यातच सारे आले. खोल्या सारख्याच, बांधणी सारखीच. फरक एवढाच की त्या गिरण्यांच्या आणि बाजाराच्या जवळ होत्या. शहर पसरून वरळीपर्यंत पोचले तेव्हा वरळीच्याही भरल्या. इतक्या भरल्या की पुढे त्यांतली एकेक खोली तीन-तीन पिढ्यांनी सोडली नाही. २०१७ साली पुनर्विकासाची सुरुवात झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांस १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. लॉइडसाहेबांना भाडेकरू मिळेना. त्यांच्या खोल्यांना शंभर वर्षांनी मालक मिळाले.

सरकारी किंवा ट्रस्टच्या खोलीत मात्र एक गुण होता आणि तो येथे नोंदविला पाहिजे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका-इंग्लंडातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले. शहरात त्यांना कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले; काही दिवसांनी काठ्या घेतलेले पारशी गृहस्थ दारात येऊन उभे राहिले आणि त्यांना त्याच दिवशी जागा सोडावी लागली. भाडे थकले नव्हते, जागा नासविली नव्हती, कोणाशी कज्जा नव्हता. आम्ही वर सांगितलेल्या व्याख्येने इतका चांगला भाडेकरू बडोद्यात त्या दिवशी दुसरा नसेल. हेच बाबासाहेब मुंबईत परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत सुमारे वीस वर्षे राहिले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले तरी तेथेच राहिले. ट्रस्टचा कारकून मायाळू होता असे नव्हे. त्याच्यापुढे भाड्याची वही होती आणि त्या वहीत जातीचा रकाना भाड्याच्या रकान्याच्या आड येत नव्हता, एवढेच. पुढे बाबासाहेबांनी ट्रस्टनेच आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे ‘राजगृह’ बांधले.

आता दादर-माटुंग्याकडे वळू. येथे ट्रस्टाने रस्ते, गटारे, बागा आखून जमिनीचे तुकडे लांब मुदतीच्या पट्ट्याने दिले आणि मोकळ्या जागेचे नियम घातले. ज्यांनी ते घेतले ते बहुतेक लहान भांडवलाचे मालक होते. कोणी व्यापारी, कोणी वकील, कोणी पेन्शनीत निघालेला अधिकारी. आयुष्याची पुंजी एका तीन मजली इमारतीत घातलेली, वरच्या कोठल्या तरी मजल्यावर स्वतः राहावयाचे आणि बाकीचे भाड्याने द्यावयाचे. ह्या मालकाला जागा रिकामी ठेवणे परवडत नव्हते. आणि त्या वेळी दादर-माटुंगा म्हणजे शहराबाहेर, गिरगावकराच्या दृष्टीने जवळजवळ परगावच. गिरगावातले देऊळ, वाचनालय, नाटकगृह, सोयरेधायरे सोडून येथे कोणी का यावे? मालकाला उत्तर द्यावे लागले. त्याने दिलेले उत्तर म्हणजे ‘ब्लॉक’.

हा शब्द आम्हां मराठी लोकांनी इतका आपलासा केला की तो परका वाटतच नाही. ब्लॉक म्हणजे एका दाराआड पूर्ण झालेले घर: पुढची खोली, निजावयाची खोली, स्वयंपाकघर, नळ, न्हाणीघर आणि संडास. चाळीत ह्यांतल्या निम्म्या गोष्टी गॅलरीच्या टोकाला असत. न्हाणीघर आत आले याचे सर्वांना, विशेषतः स्त्रियांना, समाधान वाटले. संडास आत येणे मात्र सोपे नव्हते. सोवळ्याओवळ्याच्या घरात स्वयंपाकघर आणि शौचकूप एकाच छपराखाली, तेही एका भिंतीच्या अंतराने, ही कल्पना पुष्कळ वडीलधाऱ्यांना असह्य होती. मग मालकाने तो ब्लॉकच्या अगदी टोकाला नेला, मध्ये बोळ ठेवला, झाडूवाल्यासाठी मागून वेगळा जिना काढला. जुन्या इमारतींच्या पाठीमागे आजही हे लोखंडी जिने दिसतात. भाडेकरूची भीती आणि भाडेकरूची हौस अशी विटेत बांधून काढलेली आहे. त्या जिन्याने चढउतार करणारा माणूस त्या ब्लॉकचा भाडेकरू कधीच होणार नव्हता, हेही त्याच विटेत बांधलेले आहे.

ब्लॉकला भाडेकरू मिळाले ते कारकून, मास्तर, हिशेबनीस, रेल्वे आणि विमा कचेऱ्यांतले नोकर. पगार ठरलेला, तारीख ठरलेली, म्हणून मालकाला हवे तसे. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेल्या मंडळींनी घर केले. त्यांच्यामागून त्यांची दुकाने, भोजनगृहे, शाळा, देवळे आली आणि मग नव्याने येणाऱ्या मद्राशाला पत्ता विचारावा लागेना. वरळीत सरकारला जे जमले नाही ते येथे झाले. पहिले चार भाडेकरू सुखी राहिले की पाचवा त्यांच्या पत्राने येतो. मालकांचीही चढाओढ होती. विजेचे दिवे, रंगीत फरश्या, गच्ची, उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा, आगगाडीचे स्टेशन किती मिनिटांवर, ह्या गोष्टींनी जागा उठत. पहिल्या महिन्याचे भाडे माफ करून किंवा भिंतींना रंग लावून देऊन मालक भाडेकरूला वळवीत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. येथे पाटी खरोखर लागत होती. लाकडी फळी, पांढरी अक्षरे, खाली ‘आत चौकशी करावी’. चौकशीला आलेल्या माणसाला मालकीणबाई चहा विचारीत. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे हे नाते घराच्या बाबतीत आज ऐकावयास चमत्कारिक वाटते.

ह्याहून वेगळी वाट गावदेवीच्या सारस्वतांनी काढली होती. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. सर्वांनी मिळून मालक व्हावयाचे आणि प्रत्येकाने आपल्याच संस्थेचे भाडेकरू म्हणून भाडे भरावयाचे. मालक-भाडेकरूंचे भांडण मुळातच मिटविण्याचा हा डाव उत्तम होता. त्यात चांगल्या भाडेकरूची निवड ज्ञातीच्या दाखल्याने आधीच झालेली होती, हेही खरे. ज्ञातीच्या आधाराने गरीब माणसाला भांडवल उभे करता आले ही एक बाजू, आणि ज्ञातीबाहेरच्याला दार बंद झाले ही दुसरी. पुढे शहरात ह्या पद्धतीच्या संस्था वाढल्या तेव्हा दोन्ही बाजू वाढल्या. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा असा नियम सर्वोच्च न्यायालयानेही मोडीत काढला नाही.

१९३० नंतर बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्हच्या इमारती आल्या. भरावाच्या कामातील गैरकारभारावर बॅरिस्टर नरिमन यांनी उठविलेले वादळ प्रसिद्धच आहे. त्यात आम्ही शिरत नाही. लिफ्ट, गोलाकार बाल्कन्या, समुद्राचा वारा असा तेथला थाट होता आणि तरीही जागा भरावयास वेळ लागला. खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाच्या माऱ्यात कोण राहणार, असे लोक म्हणत. ह्या सगळ्या जागा भाड्याच्याच होत्या. ब्लॉक विकत घेणे ही कल्पना रुजावयाची होती. महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला तो १९६३ साली.

मग ही पाटी गेली कोठे? ती कायद्याने उतरविली, आणि तीही एका कायद्याने नव्हे. १९३९ साली युद्ध सुरू झाले, पुन्हा बांधकाम थांबले, माणसे लोटली. फाळणीनंतर सिंधहून निर्वासित आले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरून गोठविले आणि भाडेकरूला काढणे अवघड केले. त्या दिवशीची निकड पाहता ते योग्यच होते. हजारो कुटुंबे त्या कायद्यामुळे रस्त्यावर आली नाहीत. लगेच १९४८ साली जागा ताब्यात घेण्याचा दुसरा कायदा आला. त्यान्वये जागा रिकामी झाली की मालकाने सरकारला कळवावयाचे आणि सरकारने ती हवी तर आपल्या पसंतीच्या माणसाला द्यावयाची. आता पाटी लावणे म्हणजे सरकारला आमंत्रण पाठविणे झाले. ज्या फळीवर ‘देणे आहे’ लिहिलेले होते ती माळ्यावर गेली.

तिच्या जागी पागडी आली. कायद्याने भाडे वाढविता येत नाही, तर भाड्याची उणीव एकरकमी, चोरून घ्यावयाची. जागा सोडणारा भाडेकरू आणि मालक ती वाटून घेत. १९४७ च्या कायद्याने पागडी हा गुन्हा होता आणि तरीही ती इतकी राजरोस होती की तिचे दर दलालांना तोंडपाठ असत. ह्या व्यवहारात चांगल्या भाडेकरूची व्याख्याच बदलली. पूर्वी तो पुढची वीस वर्षे वेळेवर भाडे देणारा असे. आता तो आज रोख मोजणारा झाला. त्यानंतर तो भाडे वेळेवर देतो की नाही, जागा राखतो की नाही, यात मालकाला रस उरला नाही. आणि बारा रुपये भाड्यात गच्ची गळते की नाही यातही उरला नाही. दोघेही एकाच मोडक्या जिन्यावरून एकमेकांना न पाहता चढू-उतरू लागले. इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने उपकर बसविला आणि १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ काढले. त्याच्याकडे अशा १९,६४२ जुन्या इमारती होत्या. मालकाने जी दुरुस्ती भाड्यातून करावयाची ती मंडळ करू लागले, तेही पुरेसे नाही. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि सारा महाराष्ट्र हसला. त्या हसण्यातली पडकी चाळ मात्र प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेली होती.

मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. भाडेकरू नव्हेच, नुसता परवानगीने राहणारा. १९७३ साली विधिमंडळाने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या अशा लोकांस भाडेकरू ठरविले आणि पोळलेल्या मालकांनी रिकाम्या जागांना कुलपे लावली. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४० चे भाडे कायमचे धरून बसणे अवाजवी व अन्यायकारक ठरविले. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ, पागडीला उघड मान्यता, प्रत्येक करार लेखी व नोंदलेला आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर, ही त्याची मुख्य कलमे. मुदत संपूनही परवानाधारक उठला नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागते. अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी करावी लागत असता लोक अकराच महिने का धरून बसतात, हे एक कोडेच आहे. सवय कायद्यापेक्षा दीर्घायुषी असते.

अकरा महिन्यांच्या ह्या व्यवहारात मालक पुन्हा भाडेकरू शोधू लागला आहे, आणि त्याची जाहिरात वाचण्यासारखी असते. फळीच्या जागी मोबाइल आला. पण दादरच्या मालकाने वारा, उजेड, नळ आणि स्टेशन यांचे जे वर्णन केले असते त्याच्या आधी आता बहुधा भाडेकरूचे वर्णन येते: फक्त कुटुंबासाठी, एकट्या मुलींनी विचारू नये, फक्त शाकाहारी, आणि जे लिहिता येत नाही ते दलाल आडनाव ऐकून सांगतो. गळक्या मोरीचा उल्लेख नसतो. अकरा महिन्यांनी उठणाऱ्या माणसासाठी मोरी कोण दुरुस्त करणार, आणि अकरा महिन्यांनी उठावयाचे असता भिंतीला रंग कोण लावणार? २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांच्या वर घरे रिकामी आढळली. त्यांतली कित्येक मुंबई-पुण्याकडची आहेत. मालकाला भाडेकरूचे भय वाटते म्हणून कित्येकांना कुलपे आहेत, आणि त्यांच्या खालच्या रस्त्यावरून आडनाव सांगावे की न सांगावे याचा विचार करीत जागा शोधणारी माणसे चाललेली आहेत.